ओट्यावरची लाकडी फळी

विद्यार्थी मित्रहो, स्वयंपाकघरातील कोणत्या वस्तूंची आपण काळजी घेतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? कुकरची शिट्टी बिघडली तर ती आपण त्याच दिवशी बदलतो. तव्याला गंज चढू नये म्हणून त्याला तेलाचे बोट लावतो. परंतु भाजी चिरण्याची लाकडी फळी, पोळपाट, काठवट किंवा विळीचा पाट यांच्याकडे मात्र ‘लाकूडच ते, त्याला काय होणार?’ अशा नजरेने पाहतो. मग एखाद्या दिवशी फळीला भेग पडलेली दिसते, तिच्या कडेला काळपट बुरशी धरलेली असते, आणि आपण ती वस्तू अडगळीत टाकतो. दोष लाकडाला देतो.

वस्तुतः लाकडी वस्तू कामाने फारशी झिजत नाही. ती बिघडते ती तिच्यात मुरलेल्या पाण्याने. हे एक तत्त्व नीट समजले, म्हणजे फळीची सर्व निगा आपोआप समजते. शिवाय हा प्रश्न केवळ एका फळीच्या आयुष्याचा नाही. त्याच फळीवर आपण घरातल्या लहान मुलासाठी फळे कापतो आणि आजारी माणसासाठी भाजी चिरतो. म्हणून तिचे आरोग्य हे घराच्या आरोग्याशी जोडलेले आहे.

विळीकडून सुरीकडे

आपल्याकडे चिरण्याचे जुने साधन म्हणजे विळी. गोव्यात तिला ‘आदोळी’ म्हणतात. बंगालमध्ये तिची बहीण ‘बोंटी’ या नावाने, ओडिशात ‘पनिकी’, बिहारमध्ये ‘पहसुल’, कर्नाटकात ‘ईळिगे मणे’ आणि तेलुगू भाषिक प्रदेशात ‘कत्तिपीट’ या नावाने ओळखली जाते. यांपैकी ‘मणे’ आणि ‘पीट’ या शब्दांचा अर्थ बसायचा पाट असा आहे. म्हणजे पात्याइतकेच महत्त्व पाटालाही होते.

विळीची रचना लक्षपूर्वक पाहा. तिचे पाते स्थिर असते आणि भाजी हाताने पात्याकडे नेली जाते. चिरलेले तुकडे खाली ठेवलेल्या ताटात पडतात. त्यामुळे पाट लाकडी असूनही त्याच्यावर पात्याचा एकही घाव बसत नाही आणि भाजीचा रसही त्यात फारसा मुरत नाही.

पुढे शहरांतील घरांत बसून करायचा स्वयंपाक मागे पडला आणि उभ्याचा ओटा आला. ओट्यावर विळी मांडून बसता येत नाही. म्हणून सुरी आली आणि सुरीबरोबर चिरण्याची फळी आली. आता भाजी स्थिर राहिली आणि पाते चालू लागले. प्रत्येक घाव भाजीतून आरपार जाऊन लाकडावर थांबू लागला. टोमॅटोचा रस, कांद्याचे पाणी, मासळीचा ओलावा हे सारे त्या बारीक चिरांमध्ये उतरू लागले. विळी वापरणाऱ्या पिढीला लाकडाची जी काळजी घ्यावीच लागली नव्हती, ती सुरी वापरणाऱ्या पिढीला शिकून घ्यावी लागली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही गोष्ट कोणी कोणाला सांगितलेली नसते, याचे कारण हेच आहे.

लाकूड पाणी का पिते?

झाड जिवंत असताना त्याच्या खोडातून पाणी मुळांकडून पानांकडे चढत असते. त्यासाठी खोडात सूक्ष्म नळ्यांसारख्या पेशी असतात. या पेशी झाड जिवंत असतानाच मृत झालेल्या असतात, आणि झाड तोडल्यावरही त्यांची पोकळ रचना कायम राहते. या पेशींच्या भिंतींमुळे वाळलेले लाकूडही भोवतालच्या हवेतील बाष्प शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ते परत सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी असते. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांपर्यंत उतरते.

पाणी शिरले की लाकूड फुगते आणि पाणी गेले की ते आकसते. मात्र हे फुगणे सर्व दिशांना सारखे नसते. रेषांच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ बदलत नाही. बदल होतो तो रुंदीत, आणि त्यातही खोडातील वर्तुळांच्या कडेने होणारा बदल हा केंद्राकडून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. या असमान ओढाताणीमुळेच फळीला बाक येतो, पीळ पडतो किंवा भेग जाते.

माझ्या थोरल्या ताईचे लग्न झाले तेव्हा आईने तिला घरातला फणसाच्या लाकडाचा पोळपाट दिला. रत्नागिरीच्या दमट हवेत त्या पोळपाटाने कित्येक पावसाळे काढले होते. ताई दिल्लीला गेली. पहिल्याच उन्हाळ्यात, मे महिन्याच्या कोरड्या झळांमध्ये, तो पोळपाट मध्यापासून काठापर्यंत उलला. आईची वस्तू आपल्या हातून बिघडली या विचाराने ताईने ती गोष्ट दोन वर्षे माहेरी कळवली नाही. पुढे तेथील एका वृद्ध सुताराने तो पोळपाट हातात घेऊन तिला समजावले, की यात तिची काहीच चूक नाही. समुद्राकाठच्या लाकडाला एकाएकी कोरडी हवा लागली, म्हणून ते आकसले. नव्या गावी आल्याबरोबर त्याला तेल पाजले असते, तर पाणी हळूहळू सुटले असते आणि कदाचित भेग टळली असती. त्याने भेग सांधून दिली. तो पोळपाट ताईच्या घरी आजही वापरात आहे.

तुमच्यापैकी अनेकांची कुटुंबे नोकरी-व्यवसायासाठी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेली असतील. माणसांप्रमाणे लाकडालाही नव्या हवेशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवावे.

लाकूड की प्लास्टिक?

लाकडाला छिद्रे असतात, म्हणून त्यात जंतू राहतात आणि प्लास्टिक गुळगुळीत असते, म्हणून ते अधिक स्वच्छ, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजाची तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. लाकडी फळी घरच्या घरी प्लास्टिकइतकी सुरक्षित कशी करता येईल, याचा शोध घेणे हा त्यांचा मूळ हेतू होता. परंतु प्रयोगात वेगळेच चित्र दिसले. लाकडी पृष्ठभागावर टाकलेले जंतू ओलाव्याबरोबर आत ओढले गेले आणि थोड्या वेळाने ते पृष्ठभागावर सहजी सापडेनासे झाले. आत गेलेल्या जंतूंची वाढ न होता ते हळूहळू मरत गेले. प्लास्टिकची नवी फळी धुऊन स्वच्छ होत असे. मात्र सुरीच्या घावांनी चरे पडलेले प्लास्टिक हाताने घासून नीट निर्जंतुक होत नसे.

याचा अर्थ लाकडी फळी न धुता वापरावी असा मुळीच नाही. लाकडाचा हा गुण त्याच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. सतत ओली राहणारी फळी जंतूंना आणि बुरशीला आश्रयच देते. प्लास्टिकच्या फळीवर चिरताना तिचे सूक्ष्म कण अन्नात मिसळतात, हेही २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दाखवले गेले. त्या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून सुरू आहे. एकूण पाहता, फळी कशाची आहे यापेक्षा ती कशी ठेवली जाते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

फळी निवडताना

चांगल्या फळीचे लाकूड घट्ट, बारीक पोताचे आणि पूर्ण वाळलेले असावे. साग, शिसव, बाभूळ, फणस ही लाकडे आपल्याकडे या कामासाठी वापरली जातात. चिंचेचे लाकूड तर विशेष चिवट असते. खाटकाच्या दुकानात दिसणारा जाड ओंडका पुष्कळदा चिंचेचाच असतो. तो खोड आडवे कापून केलेला असल्याने त्याच्या रेषा उभ्या असतात. सुऱ्याचे पाते त्या रेषा तोडत नाही, तर त्यांच्यामध्ये शिरते आणि बाहेर निघाल्यावर रेषा पुन्हा जवळ येतात. म्हणून तो इतके घाव सोसू शकतो. त्याचबरोबर आडव्या कापाची ही बाजू पाणीही फार लवकर शोषते, हे ध्यानात घ्यावे.

चीड किंवा देवदार यांसारखी मऊ आणि राळ असलेली लाकडे चिरण्याच्या फळीला योग्य नाहीत. ती लवकर खरवडली जातात आणि त्यांचा वास अन्नाला लागतो. प्लायवुडचे थर पाण्याने सुटतात, म्हणून तेही वर्ज्य समजावे. चकचकीत रंग किंवा व्हार्निश लावलेली फळी दिसायला सुंदर असली, तरी सुरीच्या घावांबरोबर त्याच्या खपल्या अन्नात येतात. तिचा उपयोग फार तर वाढण्यासाठी करावा.

शक्य असल्यास घरात दोन फळ्या असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी २००१ साली पाच सूत्रे प्रसृत केली. कच्चे आणि शिजवलेले अन्न वेगळे ठेवावे, हे त्यांपैकी एक सूत्र आहे. मांस-मासळीसाठी एक फळी, आणि फळे, कोशिंबीर व भाज्यांसाठी दुसरी, अशी विभागणी केली की हे सूत्र सहज पाळले जाते. कोशिंबिरीचे पदार्थ आपण शिजवत नाही. त्यामुळे मासळीच्या फळीवरील जंतू काकडीला लागले, तर ते थेट पोटात जातात.

रोजची निगा

फळी वापरून झाली की ती लगेच धुवावी. प्रथम तिच्यावरचे कण झटकावेत, मग भांडी घासण्याचा साबण आणि काथ्या किंवा मऊ घासणी घेऊन ती रेषांच्या दिशेने घासावी. एक गोष्ट आवर्जून करावी. चिरण्याची बाजू तेवढी धुऊन थांबू नये, तर दोन्ही बाजू ओल्या करून घासाव्यात. एकच बाजू ओली झाली तर तीच फुगते, दुसरी तशीच राहते आणि फळीला बाक येतो.

धुतल्यानंतर फळी कोरड्या फडक्याने पुसावी आणि कडेवर उभी करून ठेवावी. दोन्ही अंगांना वारा लागला पाहिजे. ओली फळी ओट्यावर आडवी ठेवली, तर खालची बाजू दिवसभर ओली राहते. बुरशीची सुरुवात बहुधा तेथेच होते. पावसाळ्यात तर फळी पंख्याच्या वाऱ्यावर थोडा वेळ ठेवणे हिताचे असते.

काही गोष्टी टाळाव्यात. फळी, पोळपाट, लाकडी कालथा किंवा रवी रात्रभर पाण्यात भिजत घालू नये. भांडी धुण्याच्या यंत्रात लाकडी वस्तू टाकू नये, कारण तेथील कढत पाण्याने आणि वाफेने सांधे सुटतात. फळी गॅसच्या शेगडीला लागून ठेवू नये. ओली लोखंडी सुरी फळीवर ठेवून जाऊ नये. लोखंड आणि लाकडातील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने काळा डाग पडतो, आणि तो पुष्कळदा बुरशीचा समजला जातो.

कांदा, लसूण किंवा मासळीचा वास राहिला असेल, तर फळीवर जाडे मीठ पसरून लिंबाच्या अर्ध्या फोडीने चोळावे, थोड्या वेळाने धुवावे आणि वाळवावे. हळदीचा पिवळा डाग घासून जात नाही, परंतु तो प्रकाशाने फिका होतो. त्यासाठी फळी थोडा वेळ सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावी. दुपारच्या कडक उन्हात ठेवली, तर डागाबरोबर फळीही जाईल.

कच्चे मांस किंवा मासळी कापल्यावर साबणाने धुण्याखेरीज अधूनमधून फळी निर्जंतुकही करावी. ४ लिटर पाण्यात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा, सुवासरहित घरगुती ब्लीच मिसळून ते फळीवर काही मिनिटे राहू द्यावे. नंतर फळी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. ब्लीच कधीही लिंबाच्या रसात, व्हिनेगरमध्ये किंवा अन्य स्वच्छता द्रावणात मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

तेल कोणते आणि कसे?

लाकडाच्या पोकळ पेशींत तेल भरले, की पाण्याला शिरायला जागा कमी उरते. फळीला तेल लावण्यामागचा हेतू हाच आहे. परंतु सर्व तेले या कामाची नसतात. शेंगदाणा, सूर्यफूल किंवा मोहरीचे तेल लाकडात काही दिवसांनी खवट होते आणि फळी चिकट होते. खोबरेल तेल तुलनेने उशिरा खवट होते. म्हणून किनारपट्टीवरील घरांत लाकडी वस्तूंना ते लावण्याची रीत टिकून राहिली. औषधांच्या दुकानात मिळणारे पोटात घेण्याच्या दर्जाचे, गंध-स्वाद न घातलेले लिक्विड पॅराफिन मुळीच खवट होत नाही. शुद्ध जवसाचे तेल हवेशी संयोग पावून लाकडात घट्ट होते आणि चांगले संरक्षण देते. मात्र त्याला सुकायला बरेच दिवस लागतात. रंगाच्या दुकानातील ‘उकळलेले’ जवसाचे तेल तर अन्नाच्या वस्तूंना लावूच नये, कारण ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची संयुगे घातलेली असतात. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

तेल लावण्याची पद्धत सोपी आहे. रात्री पूर्ण कोरड्या फळीला कोमट तेल फडक्याने सर्व बाजूंनी लावावे. कडांना थोडे अधिक लावावे, कारण रेषांची टोके तेथे उघडी असतात आणि पाणी तेथूनच अधिक शिरते. सकाळी न मुरलेले तेल पुसून टाकावे. नव्या फळीला पहिल्या आठवड्यात तीन-चार वेळा आणि पुढे महिन्यातून एकदा एवढे पुरते. तेल हवे की नको, हे ओळखायला पाण्याचे चार थेंब फळीवर टाकून पाहावेत. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर फळी सुरक्षित आहे. ते पसरून आत मुरले तर तिला तेल हवे आहे.

अधिक टिकाऊ लेप हवा असेल, तर एक भाग मधमाश्यांचे मेण आणि चार भाग लिक्विड पॅराफिन एका वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. मेण साधारण ६३ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते थेट आचेवर ठेवण्याची गरज नसते. हे मिश्रण थंड झाल्यावर मलमासारखे होते आणि कित्येक महिने पुरते.

दुरुस्ती आणि निरोप

बारीक चरे पडून फळी खरखरीत झाली असेल, तर काचकागदाने रेषांच्या दिशेने घासावी, पुसावी आणि तेल लावावी. चरे खोल असतील, तर सुताराकडून रंधा मारून घ्यावा. जाड फळीचा हा मोठा लाभ आहे. तिचा वरचा पातळ थर काढला, की खाली नवी फळी मिळते. प्लास्टिकच्या फळीला असा पुनर्जन्म नाही.

परंतु कोठे थांबायचे हेही कळले पाहिजे. ब्रश पोहोचणार नाही इतकी खोल भेग पडली असेल, रंधा मारूनही बुरशीचा वास जात नसेल किंवा लाकूड मऊ पडले असेल, तर ती फळी अन्नासाठी वापरू नये. विळीच्या पाटातील पात्याभोवतीचे लाकूड कुजले असेल, तर ते लगेच दुरुस्त करावे. तेथे हलणारे पाते हात कापू शकते.

झाडाला वाढायला अनेक वर्षे लागतात. त्याच्या लाकडाची फळी दोन वर्षांत फेकावी लागली, तर नुकसान केवळ पैशाचे नसते. पुसून उभी करायला अर्धे मिनिट आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात एवढीच त्या फळीची अपेक्षा असते. ती पुरी केली, तर आज तुमच्या ओट्यावर असलेली फळी उद्या तुमच्या मुलांच्या ओट्यावरही असेल.

विचार करा आणि लिहा

१. विळीच्या पाटापेक्षा चिरण्याच्या फळीला अधिक निगा का लागते?
२. फळीची एकच बाजू धुतल्यास काय होते? कारण सांगा.
३. ताईचा पोळपाट दिल्लीत का उलला? तुमच्या गावची हवा दमट आहे की कोरडी, आणि तिचा घरातील लाकडी वस्तूंवर काय परिणाम दिसतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या घरातील सर्वांत जुनी लाकडी वस्तू शोधा. ती कोणाकडून आली आणि तिची निगा कशी घेतली गेली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.